सतराचा पाढा म्हणता येईल, इतक्याच वेगाने धावा

प्रश्न : मी 44 वर्षांची असून नाशिकमध्ये राहते आणि एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. माझी उंची 5 फूट 2 इंच आणि वजन 78 किलो आहे. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनची झाली. पाच वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात रक्तदाब 136/86 भरला, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सुरू करा, नाहीतर गोळी सुरू करावी लागेल, असे बजावले. माझी पंधरा वर्षांची मुलगी रोज सकाळी धावायला जाते. एक दिवस तिच्याबरोबर गेले, तर विजेच्या सातव्या खांबापाशी धाप लागून थांबले, बरगडीखाली कळ आली आणि पुढचे चार दिवस दोन्ही नडग्या दुखत राहिल्या. यजमान म्हणतात, या वयात धावलीस तर गुडघे जातील. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले असल्यामुळे मलाही ती भीती वाटते. कार्यालयातील सहकारी मात्र तीन महिन्यांत 10 किलोमीटरच्या शर्यतीत नाव दे, असा आग्रह करतात. माझे शरीर धावण्यासाठी नाहीच, असे मी समजावे का?
ता. क. पहाटे आमच्या गल्लीत कुत्री मागे लागतात. त्याचे काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेला आहात, ती म्हणजे तुम्ही मुलीबरोबर धावलात. दोन खांबांमधील अंतर साधारण तीस मीटर धरले, तर तुम्ही सुमारे दोनशे मीटर गेलात, आणि तेही रोज सराव करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या वेगाने. बारा-पंधरा वर्षे खुर्चीवर बसून काम केलेल्या कोणत्याही माणसाची त्या वेगात सातव्या खांबापाशी हीच अवस्था होईल. त्या वेगाला स्नायूंना जितका प्राणवायू लागतो तितका पुरवण्याची हृदयाची तयारी नसते, म्हणून शरीर कमी प्राणवायूत ऊर्जा तयार करण्याचा आडमार्ग धरते, आणि त्याची वसुली मिनिटाभरात धापेच्या रूपाने होते. तेव्हा चूक शरीराची नव्हती, वेगाची होती. नव्याने धावू पाहणारी दहापैकी नऊ माणसे याच चुकीपायी पहिल्या आठवड्यात बूट कपाटात टाकतात, असे मी गेली कित्येक वर्षे मैदानावर पाहत आलो आहे. मी स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, तेव्हा तीनदा सोडले होते, आणि तिन्ही वेळा कारण हेच होते.

मग योग्य वेग कोणता? मनगटी घड्याळे हृदयाचे ठोके मोजून हिरवे-लाल पट्टे दाखवतात, पण ते पट्टे वयावरून काढलेल्या सरासरी सूत्रावर आधारलेले असतात. त्या सूत्राने तुमच्या वयाला कमाल 177 ठोके येतात. प्रत्यक्षात माणसामाणसांत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तुम्ही हिशेबाच्या कामातल्या, म्हणून तुमच्यासाठी मी दुसरी कसोटी सुचवतो. धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न’ एवढे एका श्वासात, शब्द न तोडता म्हणता आले, तर वेग बरोबर आहे. ‘सतरा दुणे’ म्हणून श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही सांगो. सुरुवातीला हा वेग तुम्हाला लाजिरवाणा वाटेल, कारण शेजारून भराभर चालणारे एखादे आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील. त्यांना जाऊ द्यावे. पावले छोटी टाकावीत आणि पाऊल शरीराच्या पुढे लांब न फेकता शरीराच्या खालीच पडेल, एवढे पाहावे. टाच आधी टेकवावी की चवडा, या वादात तुम्ही तूर्त पडू नये. बरगडीखालची कळसुद्धा बहुधा या वेगात येणार नाही. आलीच तर चालू लागावे, दुखऱ्या जागी हाताने दाबून श्वास सावकाश पूर्ण सोडावा आणि पुढच्या वेळी धावण्याआधी दोन तास पोटभर खाणे टाळावे.

आता नडग्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमचा खरा धोका तिथे आहे आणि तो पहिल्या दिवशी नसून चौथ्या-पाचव्या आठवड्यात आहे. व्यायाम सुरू केल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढते, हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, आणि महिन्याभरात तुम्हाला दम टिकू लागल्याचे स्पष्ट जाणवते. हाडांचे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांचे मात्र तसे नसते. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथले जुने हाड खरवडून काढते आणि मग नवे भरते. खरवडण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला काही महिने लागतात. घराची भिंत पाडून नवी बांधायला काढावी आणि मधल्या दिवसांत त्याच भिंतीला टेकून बसावे, तसा हा मधला काळ असतो. नेमक्या याच काळात दम सुधारल्यामुळे माणसाला हुरूप येतो, तो अंतर दुप्पट करतो आणि नडगीचे दुखणे ओढवून घेतो. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे 155 ते 235 किलो. म्हणून दम टिकतो आहे, हे अंतर वाढवण्याचे कारण तुम्ही कधीही मानू नये.

दोन्ही पायांत सारखे, पसरलेले, बोथट दुखणे दोन-चार दिवसांत कमी होत असेल, तर ते नव्या श्रमाचे दुखणे आहे. तुमचे दुखणे तसेच दिसते. याउलट नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा चालतानाही लंगडावे लागत असेल, तर त्याच दिवशी धावणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाला सूक्ष्म तडा गेला असेल, तर तो बाम चोळून बरा होत नाही.

सुरू करण्यापूर्वी एकदा तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘व्यायाम’ असा मोघम शब्द न वापरता, मला धावायचे आहे, असे स्पष्ट सांगा. रक्तदाबाबरोबर रक्तातील साखर, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शेवटच्या तपासणीचा मी विशेष आग्रह धरतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि चाळिशीनंतर पाळीत रक्तस्राव वाढलेला असेल तर शक्यता आणखी वाढते. हिमोग्लोबिन 12 च्या बरेच खाली असताना कितीही सावकाश धावले तरी धाप लागते आणि बाई स्वतःलाच आळशी ठरवून मोकळी होते. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल किंवा जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर सांगतील त्या तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय धावू नका. थायरॉईडच्या गोळीची वेळ सकाळच्या धावण्याशी उत्तम जुळते. उठल्यावर पाण्याबरोबर गोळी घ्यावी, मैदानावर जाऊन यावे आणि परतल्यावर चहा-नाश्ता करावा, म्हणजे गोळी व अन्न यांत अर्ध्या ते एका तासाचे अंतर आपोआप पडते.

आता प्रत्यक्ष सुरुवात. पहिले तीन आठवडे तुम्ही धावायचेच नाही. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास चालायचे, आणि तिसऱ्या आठवड्यात थोडा घाम येईल इतक्या झपाझप चालायचे. हे वाचून तुमचा हिरमोड झाला असेल, पण 78 किलो वजन आणि वर्षानुवर्षांची बैठक यांचा विचार करता हे तीन आठवडे मी कमी करणार नाही. अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी 1996 साली तयार केलेला ‘काउच टू फाइव्ह के’ नावाचा, बैठ्या माणसाला पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर वापरला जातो. त्यात पहिल्या दिवसापासून एक मिनिट धावणे आणि दीड मिनिट चालणे आहे. कार्यक्रम चांगला आहे, पण माझ्या मते तुमच्यासारख्यांनी त्याचे नऊ आठवडे वीस करावेत.

चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातील तीनच दिवस धावायचे, आणि दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस सोडायचा. आधी पाच मिनिटे चालायचे, मग एक मिनिट पाढ्याच्या वेगाने धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, असे आठ वेळा करायचे, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालून घरी यायचे. हे दोन आठवडे असेच ठेवावे. त्यानंतर धावण्याचा वेळ दर आठवड्याला अर्ध्या-पाऊण मिनिटाने वाढवावा, चालण्याचा वेळ हळूहळू कमी करावा, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम एक पायरी खाली यावे. बाराव्या आठवड्याच्या सुमारास चार-पाच मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे जमू लागेल, आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास अर्धा तास सलग धावता येईल. एखादा आठवडा जड गेला, पाहुणे आले, मार्चअखेरीची कामे निघाली, तर तोच आठवडा पुन्हा करावा. त्यात काहीही बुडत नाही. चालण्याला मात्र कमीपणा मानू नका. मध्ये मध्ये चालण्यामुळेच नडगीला विश्रांती मिळते आणि एकूण वेळ वाढवता येतो.

जागा म्हणून कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचे मैदान तुम्हाला सोयीचे पडेल. मातीची वाट सिमेंटच्या रस्त्यापेक्षा पायाला बरी असते, पण सध्याच्या पावसात ती निसरडी होते, तेव्हा त्या दिवशी डांबरी रस्ता चालेल. लोक बघतील, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण बहुतेक बायकांच्या मनात तो असतो. म्हणून एवढेच सांगतो की पहिले चार दिवस लोक बघतात आणि पाचव्या दिवशी तेच लोक, काल दिसला नाहीत, असे विचारतात.

यजमानांच्या शंकेकडे येऊ. तुमच्या आईचे गुडघे धावण्यामुळे गेले नव्हते, हे तुम्हाला माहीतच आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक जुन्या अभ्यासांतील आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांत गुडघ्याची वा खुब्याची झीज आढळली आणि बैठे जीवन असणाऱ्यांत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या थोडे वर होते. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते तेरा टक्क्यांपर्यंत गेले. यावरून धावल्याने गुडघे सुधारतात, असे सिद्ध होत नाही, कारण मुळात सडपातळ आणि निरोगी माणसेच अधिक धावत असणार. पण मध्यम प्रमाणात धावल्याने गुडघे जातात, या समजुतीला मात्र त्यातून आधार मिळत नाही. आईकडून आलेला कल आणि तुमचे आजचे वजन हे दोन्ही खरे आहेत, आणि त्यावरचा उपाय मांडीचे व पार्श्वभागाचे स्नायू बळकट करणे हा आहे. आठवड्यातून दोनदा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभ्या राहून टाचा वर-खाली करा, स्वयंपाकघरातील खुर्चीवर हाताचा आधार न घेता दहा-बारा वेळा बसा-उठा, आणि रात्री गादीवर उताणे पडून गुडघे दुमडून कंबर वर उचला. गुडघा सुजला किंवा मध्येच अडकू लागला, तर थांबून दाखवून घ्या.

दोन बाळंतपणांनंतर आणखी एक अडचण येऊ शकते, जी पत्रात कोणी लिहीत नाही. धावताना, शिंकताना किंवा दोरीवरच्या उड्या मारताना थेंब-दोन थेंब लघवी होणे हे या वयात फार स्त्रियांना होते, आणि सिझेरियन झाले म्हणून ते होत नाही असेही नाही. असंख्य जणी त्या एका कारणासाठी, काही न बोलता, धावणे सोडून देतात. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच सेकंद आवळून पाच सेकंद सैल सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. हा व्यायाम लघवी करत असताना करू नये. फरक पडायला तीन महिने लागतात. तेवढ्याने भागले नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टना विचारावे. हे दुखणे बरे होणारे आहे.

खरेदी थोडीच करा. पहिले पैसे चांगल्या घट्ट स्पोर्ट्स ब्रावर खर्च करा, मग बुटांवर. बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. माझ्या पहिल्या बुटांत ती नव्हती आणि दोन नखे काळी पडून गेली. सर्वांत महाग बूट सर्वांत चांगले असतात, असे नाही, दुकानात घालून दहा पावले पळताना जे सोयीचे वाटतात ते चांगले. मांड्या घासत असतील, तर तिथे आधी व्हॅसलीन लावा, आणि सुती कपड्यांऐवजी घाम लवकर वाळणारे कपडे वापरा.

वजनाबद्दल तुम्ही स्पष्ट विचारले नाही, पण आकडा लिहिला आहे, म्हणून तुमच्याच पद्धतीने हिशेब मांडतो. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते, म्हणजे तुम्ही तीन किलोमीटर गेलात तर सुमारे 235. एका वडापावात जवळपास तेवढ्याच असतात. तेव्हा केवळ धावून वजन झपाट्याने उतरेल, ही अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी ताटाकडे वेगळे पाहावे लागेल. रक्तदाब, साखर आणि झोप यांत मात्र वजन काटाभरही हलले नाही तरी फरक पडू शकतो. वजनकाट्यापेक्षा कंबरेचे माप घ्या, महिन्यातून एकदा. आपल्याकडील स्त्रियांसाठी ते 80 सेंटिमीटरच्या आत असावे, असे मानले जाते.

सहकाऱ्यांना नम्रपणे नकार द्या. तीन महिन्यांत 10 किलोमीटर पूर्ण करता येणारच नाहीत असे नाही, चालत-लंगडत पूर्ण होतीलही, पण ती तारीख भिंतीवर लागली की तुम्ही चौथ्या-पाचव्या आठवड्यातला नियम मोडाल. आपल्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर अंतर सुमारे 33 मिनिटांत कापून कांस्यपदक मिळवले, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु त्या पातळीवरचे धावपटूही सरावातील बहुतेक किलोमीटर शर्यतीपेक्षा बरेच सावकाश धावतात, हे कोणी सांगत नाही. तुम्हाला एखादे निमित्त हवेच असेल, तर जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमधील ड्रीम रन पाहा. अंतर सुमारे सहा किलोमीटर असते, वेळेची स्पर्धा नसते आणि अर्धे लोक गप्पा मारत चालतात. आता श्रावणात सुरुवात केलीत, तर विसावा आठवडा डिसेंबरअखेर येतो. मध्ये ऑक्टोबरचा उकाडा आहे, तेव्हा त्या महिन्यात सूर्य वर येण्याआधी परतावे आणि वेग आणखी कमी ठेवावा. मुलीला बरोबर न्यायचेच असेल, तर शेवटच्या पाच मिनिटांच्या चालण्यात न्या.

राहता राहिली कुत्री. कुत्रे अंगावर आले तर धावू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभाव आहे. जागीच थांबा, हात अंगाशी ठेवा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि ते शांत झाल्यावर पाठ न दाखवता सावकाश चालत पुढे जा. गल्लीतील ठरावीक टोळी असेल, तर तेवढा टप्पा रोज चालतच पार करा आणि मैदानावर पोचल्यावर धावणे सुरू करा. तसेही पहिली पाच मिनिटे चालायचीच आहेत. चावा बसला किंवा दात लागून नुसते खरचटले, तरी जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, हळद किंवा चुना भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा.